दारापर्यंत आलेली तार



आमच्या आळीतले एक निवृत्त गृहस्थ गेल्या महिन्यात सकाळी सकाळी माझ्याकडे आले. हातात तीन छापील पत्रके होती. त्यांच्या घरासमोरच्या विजेच्या खांबावरून सध्या तीन निरनिराळ्या तारा लोंबतात. दोन मोठ्या कंपन्यांच्या आणि एक आमच्या गावच्या केबलवाल्याची. मुलाने परदेशातून बजावले होते की, बाबा, घरात चांगले इंटरनेट घ्या म्हणजे रोज तोंड तरी दिसेल. गृहस्थ म्हणाले, "मास्तर, तुम्ही या भानगडीत पहिल्यापासून आहात. एका शब्दात सांगा, कुठली घेऊ?"

एका शब्दात उत्तर देण्याची सवय शिक्षकाला नसते. मी त्यांना तासभर इतिहास ऐकवला. चहा दोनदा झाला, तरी त्यांचा प्रश्न जागच्या जागी राहिला. तोच इतिहास थोडा नीटनेटका करून आज आपल्यापुढे मांडीत आहे. शिवकालावर किंवा पेशवाईवर ऐकायला आलेल्या श्रोत्यांना हा विषय जरा उपरा वाटेल. परंतु पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली १८७५ साली, आणि मुंबईच्या किनाऱ्याला समुद्रातून विलायतेची तार लागली १८७० साली. दोन्ही एकाच पिढीने पाहिल्या. त्या पिढीला तारेचा विषय उपरा वाटला नसावा, एवढे गृहीत धरून मी पुढे जातो.

ती १८७० ची तार 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्राच्या तळाशी अंथरली. तांब्याच्या तारेवर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे वेष्टन आणि त्यावर लोखंडी तारांचे चिलखत, अशी तिची घडण होती. त्याच वर्षी मुंबई आणि इंग्लंड हे टोकाला टोक जोडले गेले. तार ज्या इंग्रज कंपनीची, तिच्याकडेच निरोप द्यायचा आणि तिच्याच दराने द्यायचा. पुढे १९२७ साली बिनतारी यंत्रणेने विलायतेला निरोप जाऊ लागले, तेव्हा पुण्याजवळची खडकी आणि दौंड ही दोन ठिकाणे त्या कामासाठी निवडली गेली. म्हणजे एकाला दोन मार्ग झाले. पण ही स्पर्धा फार दिवस टिकली नाही. १९३२ साली तार आणि बिनतारी या दोन्हींचा कारभार 'इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स' या एकाच कंपनीकडे गेला. १ जानेवारी १९४७ रोजी सरकारने ती ताब्यात घेऊन तिचे 'ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस' हे खाते केले, आणि १९८६ साली त्या खात्याचे विदेश संचार निगम झाले. जुन्नर तालुक्यातील आर्वीचे उपग्रह केंद्र हे याच घराण्यातले. नारायणगावाकडे जाताना ती मोठी तबकडी पाहिली नाही, असा प्रवासी आमच्या पिढीत विरळा.

ही वंशावळ सांगण्याचे कारण असे की, देशाबाहेर जाणारा दरवाजा एकच आणि त्याची किल्ली एकाच्याच कमरेला, ही स्थिती आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ होती. मालक बदलले, दरवाजा तोच राहिला. इंटरनेट आले ते याच दरवाज्यातून आले.

सामान्य माणसाच्या आधी ते विद्वानांकडे आले. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे साह्य घेऊन, 'एर्नेट' नावाचे शिक्षण व संशोधनाचे जाळे हाती घेतले. त्यात पाच आय.आय.टी., बंगळूरची विज्ञानसंस्था, स्वतः तो विभाग आणि मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. या केंद्राचे डॉ. श्रीनिवासन रमणी यांनी त्यात मोठा वाटा उचलला. जुहू आणि पवई यांच्यातील अंतर लोकल आणि बस धरली तरी दीड तासाचे. पण त्या दोन संस्थांच्या संगणकांनी एकमेकांना साध्या दूरध्वनीवरून पत्रे पाठवली, ही आपल्याकडच्या या विद्येची बाराखडी होय. दशक संपता संपता ही पत्रे युरोप-अमेरिकेच्या संगणकांपर्यंत जाऊ लागली.

विद्यापीठाबाहेरच्या हौशी लोकांची वाट निराळी होती. १९७८ च्या हिवाळ्यात शिकागोत प्रचंड हिमवर्षाव झाला आणि माणसे घरात कोंडली गेली. तेव्हा वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोन संगणकवेड्यांनी एक 'सूचनाफलक' तयार केला. वाचनालयाच्या भिंतीवर फळा असतो तसाच. फक्त तो संगणकात होता आणि त्याच्यापर्यंत टेलिफोन लावून पोहोचायचे. एक जण लिहून जाई, त्याचा फोन सुटला की दुसरा येऊन वाची व उत्तर लिही. असे फलक पुढे जगभर निघाले, मुंबईतही निघाले. दिवसभर ज्या फोनवर घरची बोलणी चालत, त्याच फोनवर रात्री संगणक उत्तर देई. रात्री भलत्या वेळी फोन उचलला आणि कानात कर्कश शीळ आली की घरातली वडील माणसे घाबरत. ती शीळ म्हणजे मोडेमचे बोलणे.

मोडेम करतो काय, हे थोडक्यात सांगतो. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी केलेली. सेकंदाला सुमारे तीनशे ते चौतीसशे कंपने एवढाच पट्टा तिच्यातून नीट जातो. संगणकाला शून्य आणि एक एवढेच कळते. मोडेम त्या शून्य-एकांचे स्वरांत रूपांतर करतो आणि पलीकडचा मोडेम स्वर ऐकून पुन्हा शून्य-एक करतो. सुरुवातीच्या काळातला चांगला वेग म्हणजे सेकंदाला ९,६०० शून्य-एक. एका अक्षराला आगेमागेच्या खुणांसकट दहा लागत, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. मासिकाचे एक पान तीन सेकंदांत येई, आणि लाखभर अक्षरांच्या आकाराचे एक बरेसे छायाचित्र यायला पावणेदोन मिनिटे लागत. तेवढ्या वेळात तारेत खरखर झाली की सगळे पहिल्यापासून.

आता १५ ऑगस्ट १९९५. त्याआधी पंधरा दिवस, ३१ जुलैला, कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी देशातले पहिले मोबाइल संभाषण केले होते. स्वातंत्र्यदिनी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत सर्वसामान्य जनतेला इंटरनेट विकायला काढले. पुणे व बंगळूर ही शहरे लवकरच त्यात आली. व्यक्तीला वर्षाचे २५० तास ५,००० रुपयांत, आणि चित्रे दाखवणारी खरी जोडणी संस्थांना १५,००० रुपयांत. हिशेब करून पाहा: तासाला वीस रुपये, दिवसाला जेमतेम एकेचाळीस मिनिटे, आणि फोनचे बिल वेगळे! विद्यार्थ्यांसाठी सवलतीचे खाते होते. त्यात चित्र नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. पत्रासाठी 'पाइन' आणि जगभरची पाने वाचण्यासाठी 'लिंक्स' असे दोन कार्यक्रम असत. त्या अक्षरांवर ज्यांनी दोन-तीन वर्षे काढली, त्यांना पुढे रंगीत पाने पाहून फारसे विशेष वाटले नाही, असे माझे निरीक्षण आहे. अर्थात म्हातारे लोक सगळ्याच जुन्या गोष्टींबद्दल असेच बोलतात.

पहिले महिने हालाचे गेले. फोन लावावा तो गुंतलेला; लागला तर मध्येच तुटावा. निगमाचे तेव्हाचे अध्यक्ष बी. के. सिंघल यांनी जाहीरपणे चूक कबूल केली, मागणीचा अंदाज नीट घेतला नव्हता हे सांगितले आणि माफी मागितली. सरकारी उच्चपदस्थाने जाहीर माफी मागणे हा प्रसंग आपल्याकडे इतका दुर्मीळ की त्याची नोंद इतिहासाने ठेवावी.

या धंद्याचे मर्म त्या गोंधळात होते, म्हणून तेथे थोडे थांबतो. पुरवठादार शंभर गिऱ्हाइके घेतो तेव्हा तो शंभर टेलिफोन व शंभर मोडेम मांडीत नाही. सगळे एकाच वेळी येणार नाहीत, या हिशेबाने तो मांडतो. सर्वसाधारण संकेत दर दहा गिऱ्हाइकांमागे एक मोडेम आणि एक तार असा. लग्नाची पंगत हाच याचा दाखला. आमंत्रणे हजार, पाने शंभर; पंगती लागोपाठ उठल्या तर कोणी उपाशी राहत नाही. पण आमंत्रणे वाटून यजमानाने पानेच कमी मांडली, किंवा पहिल्या पंगतीने उठायचेच नाही असे ठरवले, तर मांडवाच्या दारात काय होते ते आपण जाणता.

दुसरा प्रकार अमेरिकेत घडला. तेथल्या 'अमेरिका ऑनलाइन' या सर्वांत मोठ्या पुरवठादाराने डिसेंबर १९९६ पासून तासाचा दर सोडून महिन्याला १९ डॉलर ९५ सेंट भरा आणि वाटेल तितके वापरा, असे जाहीर केले. लोकांनी एकदा लावलेला फोन सोडेनासा केला; सोडला तर पुन्हा लागणार नाही ही भीती! लाखो गिऱ्हाइकांना नुसता गुंतलेल्या फोनचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि अनेक राज्यांच्या सरकारी वकिलांनी कंपनीला पैसे परत देण्यास भाग पाडले. मक्तेदारीत पाने कमी पडली आणि स्पर्धेतही पडली. म्हणून, कंपनी सरकारी की खासगी, यापेक्षा तिने किती आमंत्रणांमागे किती पाने मांडली आहेत हे विचारणे मला नेहमीच अधिक महत्त्वाचे वाटत आले आहे.

त्या काळी पुरवठादार निवडण्याचा प्रश्नच नव्हता, पण तो आपल्याला एक गोष्ट देई, ती म्हणजे पत्ता. मुंबईच्या ग्राहकाच्या पत्त्यात 'जी-आय-ए-एस-बी-एम-शून्य-एक' अशी अक्षरे येत, पुण्याच्या ग्राहकाच्या पत्त्यात 'बी-एम' च्या जागी 'पी-एन'. ती अक्षरे लोकांनी कार्डांवर, पाट्यांवर, लग्नपत्रिकांवरसुद्धा छापली. नट शम्मी कपूर हे या पहिल्या वापरणाऱ्यांतले. पुढे वापरणाऱ्यांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. परदेशातली मराठी माणसे तर आपल्याआधी तेथे जाऊन बसली होती. 'यूझनेट' या चर्चांच्या जाळ्यात मराठीचा एक स्वतंत्र गट होता. देवनागरी उमटत नसल्याने तेथे मराठी रोमन अक्षरांत लिहीत, आणि 'ळ' कसा लिहावा यावर पुणेरी चिकाटीने वाद चाले. १९९६ च्या गणेश चतुर्थीला 'मायबोली' हे स्थळ निघाले तेही परदेशातल्या मराठी माणसाच्या हातून.

नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खासगी पुरवठादारांना परवानगी दिली. परवान्याचे तीन वर्ग केले: सबंध देशासाठी, एका परिमंडळासाठी आणि जिल्ह्याएवढ्या लहान क्षेत्रासाठी. परवाना शुल्क पुढे नाममात्र एक रुपया! 'सत्यम इन्फोवे' ही कंपनी त्याच महिन्यात सुरू झाली. परवाने शेकड्यांनी निघाले, त्यांतले कित्येक कागदावरच राहिले. तरीही दर कोसळले, दुकानांतून तासांच्या पुड्या साबणाच्या वड्यांसारख्या विकायला आल्या, आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. त्याच १९९८ साली वारणानगरच्या परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याची योजना सुरू झाली. तिथला शेतकरी त्याच्या उसाच्या वजनाचा आणि पैशाचा हिशेब गावच्या केंद्रात पाहू लागला. मला शहरातल्या सगळ्या कॅफेंपेक्षा त्या एका वजनकाट्याचे महत्त्व अधिक वाटते. इंटरनेटवरून फोन करणे मात्र १ एप्रिल २००२ पर्यंत बेकायदा होते. परदेशी फोनचे उत्पन्न बुडेल ही धास्ती. दरवाजा उघडला तरी उंबऱ्यावर पहारा बसवलेला होता.

आता जे सांगायचे ते माझ्या घरचे आहे.

माझे एक मामा शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा अमेरिकेत. २००० साली मामांनी, सत्तरी उलटल्यावर, संगणक घेतला आणि मला विचारले, "कोणाची जोडणी घेऊ रे? तुला यातले कळते." तीन-चार कंपन्यांच्या जाहिराती होत्या. मी दर पाहिले, तास मोजले आणि सर्वांत स्वस्त जी होती तिचे नाव सांगितले. वर्षाला काहीशे रुपये वाचत होते. मामांना पेन्शनीत तेवढे रुपये मोठे, आणि मला माझ्या हिशेबीपणाचा अभिमान!

मामांचा पत्ता त्या कंपनीचा झाला. पत्रे त्या कंपनीच्या संगणकात राहत. मामा फोन लावून वाचीत आणि तिथेच ठेवीत. मुलगा एरवी महिन्याला एक पत्र पाठवायचा कंटाळा करणारा. तो दर रविवारी लांबलचक लिहू लागला. नातीच्या जन्माचे पत्र, तिच्या पहिल्या पावलाचे पत्र, नोकरी गेली तेव्हाचे पत्र. ते शेवटचे मामींना दाखवले नव्हते, हे मामांनी मला नंतर सांगितले. अशी सुमारे दोन वर्षे गेली. मग एके दिवशी फोन लागेना. आठवडाभर लावला. जिल्ह्याच्या गावी कंपनीच्या कचेरीत गेलो तर दाराला कुलूप आणि खाली शेजारच्या झेरॉक्सवाल्याचे उत्तर, "ते गेले की महिन्यापूर्वी." कंपनी कोणती, ते सांगत नाही, तशा पुष्कळ होत्या आणि बुडणे हा काही गुन्हा नव्हे. पण पत्रे गेली ती गेली. मुलाकडे त्याने पाठवलेल्यांपैकी थोडी सापडली. मामा मला एक शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "पोस्टाची असती तर ट्रंकेत असती."

त्यानंतर मी पुरवठादाराचा विचार निराळ्या अंगाने करू लागलो. मी मामांसाठी दर विचारला होता, वेग विचारला होता. 'उद्या हा दुकानदार उठून गेला तर आपले काय आपल्याजवळ राहील?' हे विचारले नव्हते. वाण्याने दुकान बंद केले तर दुसऱ्याकडून साखर घेता येते. पण ज्याने आपल्याला पत्ता दिला, त्याने आपल्याकडून नुसते पैसे घेतलेले नसतात. मोबाइलच्या क्रमांकाचे दुखणे सरकारने ओळखले, आणि जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवण्याची सोय झाली. संगणकी पत्त्याला अशी सोय नाही. आज बहुतेकांचे पत्ते पुरवठादाराचे नसतात, परदेशातल्या दोन-तीन बलाढ्य कंपन्यांचे असतात, म्हणून लोकांना वाटते की तो प्रश्न सुटला. तो सुटलेला नाही, फक्त घर बदलून राहतो आहे.

पुढचा इतिहास आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे, भराभर सांगतो. विदेश संचार निगम २००२ साली टाटांकडे गेले आणि २००८ साली त्याचे जुने नावही गेले. १८७० च्या तारेचे घराणे आता त्या नव्या नावाखाली आहे. २००४ साली सरकारने 'ब्रॉडबँड' शब्दाची व्याख्या केली ती सेकंदाला २५६ हजार शून्य-एक अशी. २०२३ साली तीच वीस लाखांवर नेली. फोन गुंतवून ठेवणारी ती शीळ बंद पडली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि मोबाइलच्या इंटरनेटचे दर असे पडले की पूर्वीचे आकडे मुलांना खोटे वाटतात. त्याआधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एक निर्णय दिला: कोणते स्थळ पाहता यावरून पुरवठादाराने निराळे दर लावू नयेत. काही ठरावीक स्थळे फुकट दाखवण्याची योजना त्यामुळे थांबली. फुकट मिळत असताना नको कशाला म्हणता, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. रस्त्यावर टोल घेणाऱ्याने कोणत्या दुकानाकडे जाता ते विचारू नये, एवढे साधे ते तत्त्व होते. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत या क्षेत्रात ग्राहकाच्या बाजूने झालेली ती सर्वांत मोठी गोष्ट होय, आणि ती किती थोड्या लोकांच्या लक्षात आहे!

परंतु परवाने शेकड्यांनी निघाले होते ते पुरवठादार कुठे आहेत? मोबाइलच्या बाबतीत निवड पुन्हा दोन-चार नावांवर आली आहे. घराच्या तारेच्या बाबतीत मात्र गावोगावचा केबलवाला अजून टिकून आहे. एकेकाळी हा मनुष्य गच्चीवरून गच्चीवर वायर टाकून सिनेमे दाखवी. आता तो काचेच्या तंतूतून इंटरनेट देतो. त्याच्याकडे पावती मागितली तर तो हसतो, पण पावसात तार तुटली तर तोच शिडी घेऊन येतो. पंगतीचा हिशेब त्याच्याकडेही आहे. पत्रकावर छापलेला वेग हा रिकाम्या मांडवातला वेग होय. रात्री नऊ वाजता, शेजारपाजारची सगळी घरे सिनेमा पाहत असताना, किती मिळतो ते पाहावे. हे मी त्या गृहस्थांना सांगितले. पत्ता पुरवठादाराचा घेऊ नका, आणि मुलाची पत्रे व फोटो दर सहा महिन्यांनी घरच्या एखाद्या डबीत उतरवून ठेवा, हेही सांगितले.

त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, पत्रके घडी करून खिशात ठेवली आणि पायऱ्या उतरता उतरता विचारले, "ते सगळे ठीक आहे मास्तर, पण घेऊ कुठली?"

चार दिवसांनी त्यांच्या गच्चीवर केबलवाल्याचा पोरगा दिसला. तो त्यांच्या शाळेतला, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पैसे नंतर द्या म्हणाला, म्हणून त्याची घेतली.